कोपरा कापायचा नाही

आमच्या देवळात दर गुरुवारी संध्याकाळी जुन्या कराराचा अभ्यास चालतो. देऊळ म्हणजे चर्च. आम्ही जुने ख्रिस्ती लोक अजून देऊळच म्हणतो आणि नवीन पाळकाला ते आवडत नाही. त्याला पुष्कळ गोष्टी आवडत नाहीत. मलाही तो आवडत नाही, तेव्हा कुणाचं कुणाला देणं राहत नाही.

वयानं तो माझ्या नातवाएवढा. तोंडावर मी त्याला पाळकसाहेब म्हणतो, तो मान पदाला. मनात काय म्हणतो ते इथं लिहीत नाही. कुठंतरी लांब जाऊन इब्री म्हणजे हिब्रू भाषा शिकून आलाय. फळ्यावर उजवीकडून डावीकडं अक्षरं काढतो, पत्र्यात खिळे ठोकावेत तशी, आणि मग वळून आमच्याकडं बघतो. बाया माना हलवतात. मी हलवत नाही. माझी शाळा चौथीला सुटली. पण त्या चौथीच्या जोरावर मी सगळं पवित्र शास्त्र वाचलंय, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि एकदाच वाचून ठेवून दिलेलं नाही. देव माझ्याशी मराठीत बोलला. त्याला परत इब्रीत विचारायला कशाला जायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तरी गुरुवारी जातो. आपण गेलो नाही तर त्याला रान मोकळं मिळेल, म्हणून जातो.

यंदा गव्हाच्या दिवसांत जे झालं ते मी लिहून ठेवतोय. मंडळीतले लोक ते आपापल्या सोयीनं सांगायला लागलेत, आणि त्यात सगळी वाहवा पाळकाच्या पदरात टाकतात.

माझं शेत कोल्हारच्या अलीकडं, पाटाच्या खालच्या अंगाला. पाटाला पाणी सुटेल त्या साली गहू करतो. शेताच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात एक बाभळ आहे. त्या बाभळीखालच्या गव्हाला आमच्या घरातलं कुणी विळा लावत नाही. बाकीचं रान कापून मोकळं झालं तरी तेवढा गहू उभा राहतो, एखाद्या खळ्याएवढा. ही पद्धत माझ्या आईची.

आई दुसऱ्यांच्या रानात मजुरीनं जायची. कापणी झाली की मागं पडलेल्या ओंब्या गरीब बाया वेचून न्यायच्या. त्याला सरवा म्हणतात. सरव्याला मालकाला विचारायची रीत नव्हती. जमिनीवर पडलं ते वेचणारणीचं. मालक बरा असला तर दुसरीकडं बघायचा. वाईट असला तर पेंढ्या उचलल्या उचलल्या रानात गुरं सोडायचा, बाया पोचायच्या आत. आईला अक्षरं बायबलबाईनं शिकवली होती, म्हणजे मिशनतर्फे घरोघरी फिरून शास्त्र वाचून दाखवणारी बाई असायची, तिनं. नियमशास्त्रात एक अध्याय आहे. त्यात देव सांगतो की शेत कापताना पार कडेपर्यंत कापू नका, कोपरा राहू द्या, पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं आहे. हे वाचून आईला फार नवल वाटलं. म्हणायची, "बग, देवाला बी सरवा ठावं हाय."

पुढं वडिलांना वतनातली ही जमीन सुटली आणि आमचा स्वतःचा पहिला गहू कापणीला आला. वडील बाभळीपाशी पोचले तेव्हा आईनं त्यांचा हात धरला.

"ह्यो कोपरा कापायचा न्हाई."

"आगं, कापून घेऊ आन् देऊ की कुनालातरी पायलीभर," वडील म्हणाले.

"द्यायचं न्हाई. ऱ्हाऊ द्यायचं," आई म्हणाली. "देनारा तोंडाकडं बघत बसतो."

आमच्या घरात जुन्या कराराचा अभ्यास झाला तो असा. त्यात फळा नव्हता.

आता सरव्याला कुणी येत नाही. रेशनचा गहू मिळतो, तरण्या पोरी शिर्डीला हॉटेलांत नाहीतर प्रसादाच्या दुकानांत कामाला जातात, वाकून ओंब्या कोण वेचतो. माझ्या कोपऱ्यात एकच बाई येते. ती माझ्या थोरल्या भावाची बायको, माझी वहिनी. आणि आमचं बोलणं नाही.

वहिनी बौद्ध घरातली. लग्नानंतर भाऊही हळूहळू तिकडं गेला. भांडून गेला असता तर मला चाललं असतं. तो शांतपणे गेला. त्याच्या वाट्याची जमीन त्याच्या आजारपणात विकली गेली. तो वारला तेव्हा मी त्या वेळच्या पाळकांना घेऊन त्याच्या दारात गेलो. आमच्या कबरस्थानात आईच्या शेजारी जागा होती, तिथं त्याला माती द्यावी, एवढंच माझं म्हणणं. वहिनी उंबऱ्यात आडवी उभी राहिली. सगळी वस्ती ऐकत होती.

"भाऊजी, आजारी हुते तवा ह्या दारात दिसला न्हाईत," ती म्हणाली. "आता मेल्यावर वाटा मागाया आलात व्हय?"

"भाऊ हाय त्यो माझा."

"हुता. कसं न्यायचं ते सांगून गेल्यात ते. तुमी वाट सोडा."

त्यांच्या वंदना झाल्या, त्याला अग्नी दिला. मी नदीपर्यंत गेलो नाही, डांबरी सडकेवरूनच माघारी फिरलो. माझं बरोबर होतं असं मी आजही म्हणतो. आईच्या शेजारची ती जागा आजही मोकळी आहे.

त्यानंतरच्या गव्हाला, कापणी उरकल्यावर, विहिरीवरून मला कोपऱ्यात एक बाई दिसली. पदर खोचून, पाठमोरी, उभा गहू कापत होती. जवळ गेलो तर वहिनी. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि बांधावरून निघून गेली. तेव्हापासून दर साली येते. आमच्या घरचं दुसरं काही घेत नाही. एका नाताळाला सुनेनं करंज्यांचा डबा पाठवला होता, तो तिनं न उघडता परत धाडला. पण कोपऱ्यातला गहू नेते, कारण तो मी हातानं दिलेला नसतो. त्या रानात तिच्या नवऱ्यानं नांगर धरलेला आहे, हे तिला माहीत आहे आणि मलाही. कोपरा गेला तर तिचं माझ्या रानात पाऊल पडायचं कारण गेलं, आणि भावाच्या घराशी माझी जी एवढी एक वाट उरली आहे तीही बंद झाली. हे मी कधी कुणाला बोललो नाही. कुणी विचारलं की कोपरा कशाला ठेवता, तर म्हणतो, शास्त्रात आहे.

यंदा गहू पिवळा पडला आणि नेमका त्याच आठवड्यात गुरुवारी तो अध्याय निघाला. पाळकानं भिंतीवर पडदा लावून तो मोठ्या अक्षरांत दाखवला. माझा मुलगा शेजारी बसला होता. तो मंडळीच्या कमिटीत आहे, त्यामुळं पाळकाच्या शब्दाबाहेर नसतो.

पाळकानं नियमांच्या तीन वाटण्या केल्या. काही नियम यज्ञाचे, काही त्या राज्याच्या कारभाराचे, काही नीतीचे. कोपऱ्याचा नियम त्यानं कारभारात टाकला. म्हणाला, ते राज्य राहिलं नाही, ख्रिस्तानं नियमशास्त्र पूर्ण केलं, आता आपण त्यातला अर्थ घ्यायचा, अक्षर धरून बसायचं नाही.

"म्हणजे करायचं काय?" एका बाईनं विचारलं.

"सोपं आहे," पाळक म्हणाला. "आज शेतात कोपरा उभा ठेवला तर तो उंदीर खातात. त्यापेक्षा ज्याचं शेत आहे त्यानं कापणीच्या सणाला एक पोतं चर्चमध्ये आणावं. आपण गरजूंना बोलावून वाटू. ग्रुपवर फोटो टाकू, ते बघून दुसरेही आणतील."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. गावात कोपरा ठेवणारा मी एकटाच. उंदीर कुणाच्या रानातले ते सांगायची गरज नव्हती. मी उभा राहिलो.

"पाळकसाहेब, प्रभू शिष्यांना घिऊन लोकाच्या रानातनं चालला हुता. शिष्यांनी कनसं मोडून खाल्ली. त्यास्नी कुनी पोतं वाटलं हुतं का? फोटो काढला हुता का?"

"आजोबा, तिथला मुद्दा शब्बाथाचा, विश्रांतीच्या दिवसाचा आहे."

"मुद्दा कशाचा बी असू द्या. कनसं हुबी हुती म्हनून मोडता आली."

तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मागच्या बाकावर एक रिटायर झालेल्या शिक्षिकाबाई बसतात, त्यांना राहवलं नाही.

"मामा, ह्याच अध्यायात लिहिलंय की एका शेतात दोन जातींचं बी पेरू नका. तुमच्या गव्हात मोहरीच्या ओळी कुणी घातल्या?"

"सुनेनं," मी म्हणालो. "फोडनीला लागती."

"आन् दाढीचे कोपरे बी कापू नका म्हनलंय की," दुसरा एक जण म्हणाला. "मामा तर दर रविवारी गुळगुळीत."

सगळं देऊळ हसलं. माझा मुलगाही हसला. ते मी लक्षात ठेवलं.

पाळक हसला नाही. हसला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "आजोबा, अक्षर पाळायचंच असेल तर जरा खाली या." आणि पडद्यावरचा अध्याय त्यानं थोडा वर सरकवला. तिथं लिहिलेलं त्यानं सावकाश वाचलं: आपल्या लोकांवर डूख धरू नको, सूड घेऊ नको, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. मग म्हणाला, "कोपऱ्याचा नियम आणि हा नियम एकाच अध्यायात, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. प्रभूनं यातला कोणता उचलून सगळ्यांत मोठा म्हटला, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

वहिनीचं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायचं कारणच नव्हतं, गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. ते खाली लिहिलेलं मी त्याच्या जन्माच्या आधीपासून वाचतोय. फक्त तिथं जरा भरभर वाचतो. पण ते मला चारचौघांत, पडद्यावर लावून दाखवायचा हक्क त्याला कुणी दिला? मी चपला पायात घातल्या आणि निघून आलो.

मुलगा मागोमाग घरी आला. जेवताना म्हणाला, "आबा, सोमवारी हार्वेस्टर येतोय."

"कोपरा सोडायचा."

"तेच सांगायचं हुतं. मशीन वळायला जागा लागती. चारी कोपरे आदी हातानं कापून द्यावे लागत्यात, तवा ती आत शिरती."

"मग तीन कापा."

"चौथ्यात बाभळ हाय. तितंच तर अडकती." तो भाकरी कुस्करत राहिला. "पाळक म्हनले तसं पोतं दिऊ की देवळात. काकूला बी त्यातलंच मिळंल."

"घील ती?"

सून म्हणाली, "करंज्या घेतल्या न्हाईत त्यांनी, फोटो काढून गहू घेत्यात व्हय." पोरगी शहाणी आहे. पण आमच्या घरात तिचं कुणी ऐकत नाही, माझंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाज उचलून शेतात नेली आणि बाभळीखाली, कोपऱ्याच्या तोंडाशी टाकली. दिवसभर तिथं बसलो. शनिवारीही बसलो. सडकेवरनं जाणारे विचारायचे, "मामा, राखन करताय व्हय? कशाची?" मी म्हणायचो, "उंदरांची."

रविवारी सकाळी मात्र मी बाज तशीच सोडून उपासनेला गेलो. मशीन सोमवारी येणार होती. आणि रविवारी आमच्या घरात कुणी विळा हातात घेत नाही, माझ्या वडिलांनी घेतला नाही, मी घेतला नाही. प्रभूच्या दिवशी त्या रानाला राखणीची गरज नाही, असं मी धरून चाललो. शास्त्र मानणाऱ्या माणसाची चूक व्हायची ती अशीच होते.

उपासनेला मुलगा दिसला नाही. मला वाटलं, मागं बसला असेल. परत आलो तर बाज बांधावर उलटी पडलेली. सगळं रान कापून झालेलं, मशीनच्या चाकांचे पट्टे बाभळीखालून वळलेले. कोपऱ्यातला गहू विळ्यानं कापून त्याच्या पेंढ्या बुंध्याला टेकवून ठेवल्या होत्या.

"प्रभूच्या दिवशी?" मी मुलाला विचारलं.

"ड्रायव्हर पंजाबचा हाय आबा, त्याला काय रविवार. शेजारच्या रानात आल्ता. म्हनला आत्ता घ्या, न्हाईतर होळी झाल्यावर. वर आभाळ बगा कसं आलंय." मग खाली बघून म्हणाला, "पाळकास्नी फोन करून इचारलं. म्हनले, बैल खड्ड्यात पडला तर शब्बाथाला बी काढत्यात."

"आनि ह्या पेंढ्या?"

"मशीनला द्यायच्या ऱ्हायल्या. बडवून पोतं भरू. देवळाचं."

माझ्या तोंडाशी आलं ते रविवारी बोलण्यासारखं नव्हतं. तो घरी गेला.

जुन्या करारात एक गोष्ट आहे, तीही आईची आवडती. परक्या देशातली एक विधवा, सासूबरोबर तिच्या गावी येते आणि लोकांच्या रानात सरवा वेचते. रानाचा मालक गड्यांना सांगतो, तिच्यासाठी मुद्दाम थोडं पाडा, तिला रागावू नका. त्या मालकाला ते सोपं होतं. त्या बाईनं त्याला उंबऱ्यातून हाकललं नव्हतं.

ऊन उतरल्यावर मी एकेक पेंढी सोडली आणि कोपऱ्यातल्या धसकटांवर पसरली. कंबर धरली होती, तरी सगळ्या पसरल्या. बुंध्याशी काही ठेवलं नाही.

सोमवारी सकाळी वहिनी आली. मशीन येऊन गेल्याचं तिला कुणीतरी सांगितलं असणार. मी बाजेवर बसून होतो, उठलो नाही. ती कोपऱ्याच्या कडेला थांबली. हातात विळा होता. उभं काहीच नव्हतं.

"हे कोनी पाडलं?" ती म्हणाली. भाऊ गेल्यापासून तिचा आवाज मी ऐकला नव्हता. म्हातारा झालाय.

"पडलंय."

"इळ्यानं कापलंय हे. दिसतंय मला." तिनं पायानं एक काडी सारली. "माज्यासाठी पाडलंत?"

"तुमच्यासाठी कशाला पाडू? शास्त्रात हाय म्हनून पाडलं."

"बरं झालं. माज्यासाठी असतं तर हात लावला नसता." ती खाली बसली आणि गोळा करायला लागली. जराशानं, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आन् तुमचं शास्त्र बी तुमालाच ऱ्हाऊ द्या. ह्यो कोपरा सासूबाईंचा हाय. मी लग्न हून आले तवा हितं आनून दाखवला हुता त्यांनी. म्हनल्या, माजी दोन पोरं भांडली तरी हितला गहू तुजा. भांडनार म्हनून त्यास्नी ठावंच हुतं."

आईनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी तो कोपरा देवाचा म्हणून राखत होतो, आणि ही बाई सासूचा म्हणून नेत होती. मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. आईचाही आला थोडा.

तिनं भारा बांधला. एकटीला डोक्यावर चढवता येईना. मी बाजेवरून उठलो तशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." भारा बांधावर ठेवला, खाली बसून डोक्यावर घेतला आणि बांधाला धरून उभी राहिली. मग मान न वळवता म्हणाली, "पुढल्या साली मशीन कवा येनार ते आदी कळवा. मी आदल्या दिशी यीन. ह्यो कोपरा मी कापते, मग वळवा तुमाला वळवायची तशी."

"पोरगा कळवील."

"पोरानं न्हाई. त्याला रविवार कळत न्हाई, सोमवार कळत न्हाई." ती चालायला लागली. "तुमी कळवा. दारात यायचं न्हाई, बांधावरनं सांगितलं तरी चालंल."

त्या गुरुवारी मी अभ्यासाला गेलो, पहिल्या बाकावर बसलो. पाळकानं पोत्याचं विचारलं. म्हणालो, उंदरांनी खाल्लं. तो काय समजायचं ते समजला आणि फळ्याकडं वळला.

आता मंडळीत सांगतात की पाळकानं तो भाग वाचून दाखवला आणि म्हातारा वहिनीशी बोलायला लागला. शिक्षिकाबाईंनी तर प्रार्थनेत आभारही मानले. तसं काही झालेलं नाही. तिनं मला माफ केलेलं नाही आणि मीही तिला नाही. पाळकाचा यात काही संबंध नाही. मशीन कधी येणार ते मला कळवायचं आहे, आणि त्यासाठी मशीनवाल्याचा नंबर मी मुलाकडून घेऊन माझ्या मोबाईलमध्ये टाकून ठेवलाय.